मॅट वार्निश उजेड पीत नाही

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असोत की २८ मिलिमीटरचे रेझिनचे शिलेदार, पुण्यात छोट्या मूर्ती रंगवणाऱ्यांमध्ये एक समज फार चिवट आहे: मॅट वार्निश, म्हणजे रंगावर शेवटी द्यायचा बिनचमकीचा पारदर्शक थर, उजेड शोषून घेतं, म्हणून चमक जाते. हे चूक आहे. ते जवळजवळ काहीच शोषत नाही.

ॲक्रिलिकच्या थरावर समोरून पडलेला सुमारे ४ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) १, ॲक्रिलिकचा साधारण १.५, या फरकातून तो आकडा येतो. ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत वार्निशवर, हा प्रकाश एकाच दिशेने परततो आणि कष्टाने रंगवलेल्या सावलीवर ट्यूबलाइटची रेघ उमटते. मॅटमध्ये सिलिकाचे काही मायक्रोमीटरचे कण असतात. थर वाळताना आकसतो, कण डोकं वर काढतात आणि जवळपास तेवढाच प्रकाश चहूकडे विखुरतो. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की काळा रंग मॅटनंतर किंचित राखाडी का दिसतो याचंही उत्तर इथेच आहे: डोळा चुकवून जाणारा प्रकाश आता कुठूनही पाहिलं तरी थोडा डोळ्यात येतोच. बाटलीवरच्या ‘नॅनो’ शब्दाला म्हणूनच भुलू नका. प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. २०-३० नॅनोमीटरच्या सुट्या कणांचा खडबडीतपणा तिला जाणवतही नाही.

मग कधीकधी पांढरं धुकं का धरतं? सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४६, म्हणजे ॲक्रिलिकच्या जवळचा. ॲक्रिलिकमध्ये बुडालेला कण दिसत नाही. कणांमध्ये हवा अडकली की गणित बिघडतं. खडीसाखर पारदर्शक आणि पिठीसाखर पांढरी, तसंच. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, फार लांब धरला किंवा दाब जास्त ठेवला, तर थेंब वाटेतच वाळतात आणि मूर्तीवर भुकटी बसते. १०-१५ सेंटिमीटर अंतर, १५ ते २५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब, पातळ थर, आणि आधी बाटली भरपूर हलवणं, कारण सिलिका तळाशी बसते. धुकं धरलंच तर वरून ग्लॉसचा हात द्या: फटींत ॲक्रिलिक शिरतं, पांढरेपणा बहुधा जातो. मग पुन्हा मॅट. मास्क मात्र हवाच.

‘पावसाळ्यात वार्निश नकोच’ हा नियम मुळात सॉल्व्हंटच्या, म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या द्रावकाच्या, स्प्रे कॅनचा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, दवबिंदूखाली (हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं त्या तापमानाखाली) गेला की त्यावर पाणी जमतं. पाण्यातलं ॲक्रिलिक दमट हवेत मुख्यतः सावकाश वाळतं. एअरब्रशची अडचण त्याला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये असते. जुलैत पुण्याची आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांवर जाते. ती हवा टाकीत तिप्पट दाबाला आणली की बाष्पाचा दाबही तिप्पट होऊ पाहतो, म्हणजे संपृक्ततेच्या, हवेत मावू शकेल त्या बाष्पाच्या, २.४ पट. हवा खोलीच्या तापमानाला आली की जास्तीचं १.४, म्हणजे निम्म्याहून अधिक बाष्प, पाणी होऊन टाकीत साचतं. ते तळाच्या झडपेतून रोज काढावं आणि नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप बसवावा. नाहीतर तेच पाणी टपोऱ्या थेंबांनी शिलेदाराच्या चेहऱ्यावर येतं.