विकी सॉफ्टवेअरची देखभाल आणि अद्ययावतीकरण

स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या विकीचा, म्हणजे वाचकांनाच पाने लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळाचा, बॅकअप घेणे, सुरक्षा-दुरुस्त्या बसवणे आणि वेळोवेळी त्याला नव्या आवृत्तीवर नेणे, ही कामे या देखभालीत मोडतात. पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी खुला केला. आज सर्वांत परिचित असलेले विकी-सॉफ्टवेअर मीडियाविकी हे माग्नुस मान्स्के यांनी विकिपीडियासाठी लिहिलेल्या आणि जानेवारी २००२ मध्ये सुरू झालेल्या, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रणालीच्या परंपरेतले. ली डॅनियल क्रॉकर यांनी त्याच वर्षी ती नव्याने लिहिली. डोकुविकी या दुसऱ्या विकी-सॉफ्टवेअरला डेटाबेस लागत नाही, पाने साध्या मजकूर-फायलींत राहतात, त्यामुळे त्याची देखभाल बरीच सोपी असते.

मीडियाविकीचा कोड केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतो. डेटाबेस, चढवलेल्या चित्रांचा फोल्डर आणि ‘लोकलसेटिंग्ज’ ही मांडणीची फाइल मात्र त्या एकाच सर्व्हरवर असते. पानांचा सगळा संपादन-इतिहास, म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षे केलेले काम, डेटाबेसमध्ये असते. खरी जपणूक त्याची करायची असते.

बॅकअप घेतला एवढ्यावर विसंबू नये; तो दुसऱ्या जागी उतरवून पाहिल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. देवनागरीतल्या विकीला हे विशेष लागू आहे. यूटीएफ-८ या, सर्व लिप्या साठवणाऱ्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘पाणी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट. डेटाबेस काढताना किंवा भरताना अक्षरसंच लॅटिन-१ (प्रत्येक बाइटला एक चिन्ह मानणारा, युरोपीय भाषांसाठीचा जुना संच) असा धरला गेला, तर त्या जागी एकमेकांशी संबंध नसलेली बारा चिन्हे उमटतात. इंग्रजी पाने तेव्हाही जशीच्या तशी दिसतात, म्हणून फक्त मुखपृष्ठावरचा इंग्रजी मजकूर पाहणाऱ्याच्या ही गडबड लक्षातच येत नाही. उतरवलेल्या प्रतीत जोडाक्षरांनी भरलेले एखादे जुने पान उघडून पाहावे.

मीडियाविकीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना साधारण ३ वर्षे दुरुस्त्या मिळतात, १.३५, १.३९ आणि १.४३ या तशा आवृत्त्या. नव्या आवृत्तीवर थेट उडी मागच्या अशा दोन आवृत्त्यांपर्यंतच्या विकीवरूनच मारता येते. त्याहून जुना विकी आधी मधल्या आवृत्तीवर न्यावा लागतो, आणि घोडे अडते ते इथेच: १.४३ ला पीएचपी ८.१ किंवा त्यापुढचे हवे, तर मधली जुनी आवृत्ती त्यावर नीट चालत नाही. मग तेवढ्यासाठी जुने पीएचपी बसवावे लागते. दरवेळी थोडेथोडे पुढे सरकणाऱ्याला हा खटाटोप पडत नाही.

नवा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडावा. जुन्यावरच पसरला तर काढून टाकलेल्या फायली मागे राहतात आणि विचित्र चुका दिसू लागतात. विस्तार (जादा सोयी देणारे कोडचे भाग) आणि त्वचा (विकीचे बाह्य रूप ठरवणाऱ्या फायली) त्याच आवृत्तीच्या शाखेतल्या घ्याव्यात. अद्ययावतीकरणानंतर पान कोरे दिसले, तर पहिला संशय विस्तारांवर घ्यावा. नवा कोड बसवल्यावर कमांड लाइनवरून (टाइप केलेल्या आज्ञांनी) ‘अपडेट’ ही स्क्रिप्ट चालवतात. ती डेटाबेसची तक्ते-रचना नव्या कोडशी जुळवते.

ही रचना बदलली की जुना कोड परत ठेवून भागत नाही, डेटाबेसही बॅकअपमधून परत आणावा लागतो, आणि मधल्या काळातली संपादने जातात. म्हणून बॅकअप सुरू झाल्यापासून तपासणी पुरी होईपर्यंत विकी वाचकांसाठी केवळ-वाचनीय ठेवतात. लिहिण्याची मुभा फक्त कमांड लाइनवरच्या स्क्रिप्टला असते.