शिकारीसाठी हँडगन : एकबारी पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?

आमच्या टेक्ससमधल्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोव्हेंबरचा पहिला शनिवार जवळ आला, म्हणजे हरणांचा हंगाम तोंडावर आला, की दुकानात हा प्रश्न रोज येतो. दोन-तीन वर्षं रायफलनं शिकार केलेला ग्राहक काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "यंदा हँडगननं करून बघायचंय, काय घेऊ?" बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं : रिव्हॉल्व्हर, आणि तेही मोठ्यात मोठ्या बोअरचं. आम्ही लगेच पावती फाडत नाही. आधी मागच्या रेंजवर नेतो, ५० यार्डांवर जेवणाची कागदी प्लेट लावतो आणि दुकानातल्या हँडगननं पाच बार काढायला सांगतो. किती प्लेटमध्ये बसले ते बघून मग बोलणं सुरू होतं. तेच बोलणं इथे लिहून काढलं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे घरात शिकायला मिळालेलं नसतं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकार पूर्ण बंद झाली. आजोबांच्या बारा बोअरच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, पण बंदूक हातात धरून दाखवणारं कुणी नसतं. म्हणून अगदी साध्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

एकबारी पिस्तूल म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारं. या प्रकारातलं सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे थॉम्पसन/सेंटर कंपनीचं 'कंटेंडर'. वॉरेन सेंटर या बंदूक कारागिराची ही रचना १९६७ मध्ये बाजारात आली. बारा बोअरसारखीच नळी बिजागरीवर मोडायची, काडतूस सारायचं, नळी वर मिटायची. खरी गंमत नळी बदलण्यात आहे. पुढचं लाकूड काढा, बिजागरीची खीळ बाहेर ढकला, दुसरी नळी बसवा, झालं. सकाळी .२२ च्या (हा आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात) नळीवर सराव करा आणि संध्याकाळी त्याच मुठीवर .३०-३० ची नळी चढवा. स्कोप नळीवर बसलेला असतो, त्यामुळे नळीबरोबर तोही जातो आणि जुळवलेला नेम टिकून राहतो.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, पण मोठा आहे. यात काडतूस बसतं ती खोबण आणि नळी एकाच लोखंडात कोरलेली असते. मधे फट नाही, वायू बाजूला निसटत नाही. म्हणून .३०-३०, .३५ रेमिंग्टन किंवा ७-३० वॉटर्ससारखी रायफलची काडतुसं या पिस्तुलातून चालतात. त्याच कंपनीचं थोरलं भावंड 'एन्कोर' तर .३०८ सुद्धा पेलतं. १४-१५ इंची नळी, वर स्कोप, खाली वाळूची पिशवी आणि सराव झालेला हात असेल, तर १५० यार्डांवरचं हरीण टप्प्यात येतं. २०० यार्डांपर्यंत मारणारेही आहेत, पण पहिल्या वर्षी तो आकडा मनातही आणू नका.

रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. तिथे काडतुसं फिरत्या सिलिंडरमध्ये बसतात आणि सिलिंडर व नळी यांच्यात केसाएवढी फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणारच नाही. बार निघाला की गोळी एका खोबणीतून सुटून ती फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. सहा खोबणी म्हणजे सहा वेगळ्या सुरुवाती, आणि सगळ्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. म्हणून रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक काम सांगतो. मार्करनं खोबणींना आकडे घाला आणि प्रत्येक खोबणीतून पाच बार वेगवेगळ्या कागदावर काढा. एखादी खोबण बाकीच्यांपासून दोन इंच बाजूला मारत असेल, तर शिकारीच्या दिवशी ती पहिल्या बाराला येऊ देऊ नका.

ती फट हाताला किती महाग पडू शकते हे सांगून पटत नाही, म्हणून दाखवतो. सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना वहीचा कागद लावून .४४ मॅग्नमचा (मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस) एक बार काढतो. कागद फाटलेला असतो आणि फाटलेली कड काळी पडलेली असते. त्या जागी बोट असतं तर? एकबारी पिस्तुलात डावा हात नळीखालच्या लाकडावर ठेवायची सवय लागते, आणि तोच माणूस रिव्हॉल्व्हर उचलतो तेव्हा हात आपोआप पुढे सरकतो. दोन्ही प्रकार बाळगणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे : रिव्हॉल्व्हर धरलं की दोन्ही हात मुठीवर, सिलिंडरच्या मागे. याला अपवाद नाही.

बोअरचं बोलायचं तर .३५७ मॅग्नम १९३५ चं, .४४ मॅग्नम १९५५ चं, .५०० स्मिथ अँड वेसन २००३ चं. मोठ्या आकड्याची भूल सगळ्यांना पडते. टेक्ससच्या हिल कंट्रीतली पांढऱ्या शेपटीची हरणं अंगानं लहान असतात. त्यांच्यासाठी .४४ पुरून उरतं, आणि ६० यार्डांच्या आत, चांगल्या गोळीनं, आडव्या उभ्या हरणाला .३५७ सुद्धा पुरतं. .५०० ची लांब नळीची हँडगन दोन किलोंच्या आसपास भरते आणि तिचा झटका मनगटातून थेट खांद्यात जातो. ती घेऊन गेलेले काही ग्राहक महिन्याभरात परत आले. हात दुखतो ही त्यांची तक्रार नव्हती, नेमच लागेनासा झाला होता.

याचं कारण झटका नाही, झटक्याची भीती. चाप दाबायच्या क्षणी हात स्वतःहून नळी खाली दाबतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे ओळखायला रिव्हॉल्व्हरसारखा मास्तर नाही. पाच खरी काडतुसं आणि एक डमी सिलिंडरमध्ये घाला, डोळे मिटून सिलिंडर फिरवा आणि बंद करा. डमीवर घोडा पडेल तेव्हा आवाज होणार नाही, पण नळीचं टोक बोटभर खाली बुडालेलं सगळ्यांना दिसेल. मी स्वतः पहिल्या वर्षी हे बघितलं आणि पुढचे दोन महिने .४४ बाजूला ठेवून .२२ वर आलो. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल ही सौम्य काडतुसंही चालतात. सरावाला तीच वापरा.

आता दुसऱ्या गोळीचा मुद्दा. रिव्हॉल्व्हर घेणारे जवळजवळ सगळे म्हणतात, "पहिली चुकली तर पाच उरतात ना!" हे आम्हाला पटत नाही. हरीण पहिल्या बारानंतर जागेवर उभं राहत नाही, आणि झाडीतून पळत्या जनावरावर हँडगन चालवणं म्हणजे जखमी जनावर रात्रभर शोधत फिरणं. एकबारीवाल्याला माहीत असतं की आपल्याकडे एकच आहे. तो थांबतो, श्वास सोडतो, जनावर आडवं उभं राहीपर्यंत वाट बघतो. शिकारीला हीच सवय लागते. रानडुकरांची गोष्ट मात्र वेगळी. मेस्कीटच्या झुडपांतून चालत डुकरांच्या मागावर असाल आणि कळप वीस पावलांवर फुटला, तर दुसरी-तिसरी गोळी खरंच कामाची असते, आणि दीड मीटरच्या झाडीत १४ इंची नळी वळवतही नाही. तिथे रिव्हॉल्व्हरच हवं, कमरेला किंवा छातीवरच्या पट्ट्यात.

त्या पाच गोळ्यांवरही डोळे झाकून भरवसा नको. एका हिवाळ्यात मी घरी भरलेली काडतुसं घेऊन हलक्या रिव्हॉल्व्हरसह डुकरांवर गेलो होतो. दोन बार निघाले, तिसऱ्याला सिलिंडर फिरेना. उघडून बघितलं तर उरलेल्या काडतुसांपैकी एकाची गोळी झटक्यानं पुढे सरकून खोबणीच्या तोंडाबाहेर आली होती आणि चौकटीला अडकली होती. काडतूस भरताना गोळीला पकडून ठेवणारी तोंडाची घडी मीच सैल ठेवली होती. तेव्हापासून नवीन काडतूस घेतलं की चार बार काढतो, पाचवं बाहेर काढून न उडवलेल्या काडतुसाशेजारी ठेवतो आणि लांबी ताडून बघतो. तुम्हीही बघा.

एकबारी पिस्तुलाचीही एक सवय ठाऊक असावी. जुन्या कंटेंडरचा घोडा चढवल्यावर हरीण झाडाआड गेलं आणि तुम्ही घोडा अलगद खाली उतरवला, तर पुन्हा बार काढण्याआधी नळी एकदा मोडून मिटावी लागते. ही सुरक्षेसाठीची रचना आहे, पण शांत पहाटे ती खटखट ३० यार्डांवरच्या हरणाला ऐकू जाते. पुढे आलेल्या 'जी-टू' मॉडेलमध्ये ही अट काढून टाकली. जुन्या मॉडेलच्या घोड्यावर .२२ आणि मोठ्या काडतुसांसाठी वेगवेगळी जागा निवडायची सोय असते. नळी बदलली की ती आधी तपासा, नाहीतर आयत्या वेळी घोडा पडेल आणि बार निघणार नाही.

थॉम्पसन/सेंटरचा धंदा स्मिथ अँड वेसननं २०२१ मध्ये विक्रीला काढला, त्यामुळे आमच्याकडे कंटेंडर येतात ते बहुतेक वापरलेले. घेताना नळी मिटून हातानं हलवून बघा, खडखडता कामा नये. नळीचं तोंड उजेडात धरा, कडेला ठोकर बसलेली नसावी. स्कोप पिस्तुलाचाच हवा. हात लांब केल्यावर रायफलच्या स्कोपमधून काळोखाशिवाय काही दिसत नाही, आणि बघण्यासाठी तोंड जवळ नेलंत तर स्कोप भुवई फोडतो.

एक कायदेशीर बाब नीट वाचा. कंटेंडरची चौकट, म्हणजे नळी काढल्यावर उरणारा मूठ आणि घोड्याचा भाग, रायफल म्हणूनही जोडता येते, आणि इथेच लोक नकळत गोत्यात येतात. खांद्याला लावायचा दस्ता आणि १६ इंचांपेक्षा आखूड नळी एकत्र जोडली, की ती संघराज्याच्या कायद्यानं आखूड नळीची रायफल ठरते आणि विनानोंदणी बाळगणं गंभीर गुन्हा आहे. कंटेंडरच्या अशाच जोडसंचावरून खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९२ मध्ये कंपनी जिंकली, पण म्हणून आखूड नळीवर दस्ता चढवायची मोकळीक मिळालेली नाही. पिस्तूल म्हणून घेतलेली चौकट रायफल करताना आधी लांब नळी, मग दस्ता. परत पिस्तूल करताना आधी दस्ता काढा, मग नळी. जी चौकट मुळात रायफल म्हणून विकली गेली, तिचं पिस्तूल करायचं नाही.

टेक्ससमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणावर .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं छोटं काडतूस) चालत नाही, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचं शिक्षण बंधनकारक आहे. दुसऱ्या राज्यात भावाकडे किंवा मित्राकडे जाणार असाल तर तिथला नियम वेगळा असतो. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच आणि काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाकडे बाटलीसारखं अरुंद न होणारं), .३५७ किंवा वरचं लागतं. म्हणजे तुमचं .३०-३० चं एकबारी पिस्तूल तिथे घरीच राहील आणि .४४ चं रिव्हॉल्व्हर चालेल. फक्त एकच घ्यायचं आणि शिकार दोन राज्यांत करायची, तर हा मुद्दा निर्णय फिरवू शकतो.

व्हिसाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण विचारायला लोक संकोचतात. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतूस बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्याला एक अपवाद आहे, पण परवाना संपला की अपवादही संपतो. या स्थितीत असाल तर आधी वकिलाशी बोला, मग आमच्याकडे या. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. हँडगन आम्ही फक्त २१ पूर्ण झालेल्या आणि टेक्ससमध्ये राहणाऱ्यांनाच विकू शकतो.

मग घ्यायचं काय? मचाणात बसून, टेकवून, फीडरकडे (हरणांसाठी दाणे टाकणाऱ्या डब्याकडे) बघत शिकार करणार असाल, आणि आमचे दहातले आठ ग्राहक तसेच आहेत, तर एकबारी पिस्तूल घ्या. .२२ ची एक नळी आणि .३०-३० ची एक, दोन्हींवर स्कोप. पायी फिरणार असाल, डुकरांचं वेड असेल, तर साडेसात इंची नळीचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्या आणि ६०-७० यार्डांच्या पुढे बार काढू नका. १०० वर नेम जुळवला, तरी १५० यार्डांवर ती गोळी जवळपास वीतभर खाली जाते. प्लेटमध्ये पाचही बार बसतात तेवढंच तुमचं अंतर, बंदूक कोणतीही असो. प्लायवूडच्या मचाणात आवाज कोंडतो, म्हणून कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा.

रेंजवर दोन्ही प्रकार मारून बघायला पैसे पडत नाहीत, फक्त काडतुसांचे घेतो. शनिवारी गर्दी असते, आठवड्यात मधल्या दिवशी या. येताना आयडी, डोळ्यांचा चष्मा आणि बंद बूट आणा. प्लेटा आमच्याकडे आहेत.