वाकड्या कळसाचं चर्च: चेस्टरफिल्डला उतरायच्या आधी वाचा

नमस्कार मंडळी! चॅट्सवर्थच्या वाड्याच्या ट्रिपला आपली गाडी वाटेत इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्ड गावाला थांबते आणि दरवेळी कुणीतरी खिडकीतून ओरडतंच, अहो तो कळस पडतोय! नाही पडत. गाडीत सगळं सांगून होत नाही म्हणून हा कागद छापलाय.

चर्चचं नाव सेंट मेरी अँड ऑल सेंट्स, डर्बीशायर परगण्यातलं सगळ्यात मोठं. बांधकाम बरंचसं 14व्या शतकातलं, कळस 1362च्या आसपासचा. उंची 228 फूट, 45 अंशात पिळलेला, आणि टोक मधल्या रेषेपासून साडेनऊ फूट बाजूला सरकलंय. धुतलेली चादर पिळावी तसा दिसतो.

आता का वाकला. आतला सांगाडा ओल्या, म्हणजे न वाळवलेल्या ओकच्या लाकडाचा, ते वाळताना वाकतं, पण नुसत्या ओल्या लाकडाला दोष देऊ नका, तेव्हा सगळेच सुतार ओलंच वापरायचे कारण वाळलेल्या ओकवर हत्यार चालत नाही. खरी गोची म्हणजे आत तिरके आधार पुरेसे दिलेले नाहीत, आणि वरून शिशाचे पत्रे, सुमारे 33 टन! ऊन दक्षिणेकडून येतं, त्या बाजूचं शिसं जास्त तापून फुगतं, त्यानेही पीळ वाढला म्हणतात. 1349च्या प्लेगमध्ये जाणते कारागीर गेले आणि काम कच्च्या हातात पडलं असंही सांगतात, मला ते पटण्यासारखं वाटतं. गावकऱ्यांच्या मते मात्र सैतान कळसाला शेपटी गुंडाळून बसला होता, खालून धुपाचा वास आला, शिंकला आणि कळस पिळला गेला. पोरांना हीच गोष्ट सांगा.

आधी हे अर्थातच कॅथलिक होतं, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतल्यावर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं झालं. गावातल्या व्यापारी-कारागिरांच्या गिल्डची (संघांची) इथे स्वतःची छोटी चॅपल्स, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या होत्या, पुढे सरकारने गिल्डच बंद केल्या. आत इथल्या जमीनदार फोल्जँब घराण्याच्या दगडी समाध्या आहेत, त्या घाईत बघू नका, कोरीवकाम फार सुंदर आहे.

22 डिसेंबर 1961 ला, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, आत आग लागली. 1756चा ऑर्गन जळून गेला, कळस वाचला. आत्ताचा ऑर्गन ग्लासगोहून आणलेला, जुनाच.

गावाला या वाकडेपणाचा इतका अभिमान की फुटबॉल टीमलाही स्पायराइट्स म्हणतात (स्पायर म्हणजे कळस).

प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा. टॉवरवर चढायचं असेल तर ते तिकीट आपल्या पैशात धरलेलं नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी त्या नादी लागू नये. फोटोसाठी चर्चला बाहेरून पूर्ण एक प्रदक्षिणा घाला, प्रत्येक बाजूने वाक वेगळाच दिसतो.