चिकाची पावडर: गोठ्यातून आरशापर्यंत

गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस चीक निघतो. मराठवाड्यात तो विकण्यापेक्षा वाटण्याची रीत जुनी. वाटीभर शेजारी जातो, उरलेल्याचा गूळ-वेलची घालून खरवस होतो. आता हाच चीक वाळवून पुड्यांतून ‘मुरुमं जातात, चेहरा उजळतो’ म्हणत मोबाइलवर विकला जातोय. या दाव्याची मुळं शोधायची तर बरंच मागं जावं लागतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात चिकाला पीयूष म्हटलंय. पचायला जड, तृप्ती देणारा, अंग भरणारा. ज्यांचा जठराग्नी चांगला आहे आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना सुखकर. कांतीचं त्या श्लोकात नाव नाही. ‘आयुर्वेदात सांगितलंय’ हे पुडीवरचं वाक्य त्यामुळं जरा जपूनच वाचावं.

चिकाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात उंदरांपासून झाली. १८९२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी आईच्या दुधातून पिल्लांना रोगप्रतिकारशक्ती मिळते हे दाखवलं. मग १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना नाही. न पाजलेली बहुतेक दगावली. कारण असं की गाईच्या पोटात असताना वारेतून वासराला प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळतच नाहीत. ती सगळी चिकात असतात, पहिल्या पिळणीत लिटरमागे ५० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त. वासराचं आतडं ती अख्खी शोषतं, पण जेमतेम पहिले २४ तास. आपल्याकडं अजूनही कित्येक गोठ्यांत ‘जार (वार) पडू दे, मग पाजू’ म्हणून वासराला ताटकळत ठेवतात आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. पशुवैद्य सांगून थकले.

माणसाच्या बाळाला मात्र ही प्रतिपिंडं गर्भातच, वारेतून मिळतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेला चीक बराचसा इतर प्रथिनांसारखाच पचतो. आतड्यात काही काळ त्याचा उपयोग होईलही, पण प्रतिपिंडं रक्तात उतरून गालापर्यंत जात नाहीत. वासराचं गणित माणसाला लावलं, तिथंच घोटाळा झाला.

१९५०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात विल्यम पीटरसन यांनी गाईंना लस टोचून त्यांचं ‘रोगप्रतिकारक’ दूध माणसांना देण्याची कल्पना मांडली. १९९७ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात चीक घेणाऱ्या धावपटूंच्या आणि उडीपटूंच्या रक्तात आयजीएफ-१ हा वाढघटक वाढलेला दिसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो तसा दिसला नाही. पण व्यायामशाळांना तेवढं पुरलं. वाढघटक म्हणजे नव्या पेशी, नव्या पेशी म्हणजे तरुण कातडी, अशी उडी मारत चीक डंबेलशेजारून आरशासमोर आला. गंमत म्हणजे मुरुमांच्या बाबतीत याच आयजीएफ-१ कडं संशयानं पाहिलं जातं. तो तेलग्रंथींना चेतवतो. तो पोटातून कितपत टिकून जातो हा वेगळा प्रश्न, पण जाहिरातदाराला दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही. जखमेवर चीक लावून पाहण्याचे प्रयोग झालेत. पावडर खाऊन त्वचा सुधारते, याला मात्र ठोस आधार नाही.

ही पावडर उदगीर-कंधारच्या गोठ्यातली असेल, असंही समजू नये. देवणी आणि लाल कंधारी गाई दूध बेताचंच देतात, वासराचं भागलं तरी पुष्कळ. शिवाय दूध संकलन केंद्रावर चीक चालत नाही. उकळून पाहिलं की दूध फाटतं आणि कॅन परत येतो. पावडरीचा धंदा न्यूझीलंड-अमेरिकेतल्या मोठ्या कळपांवर उभा आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्यांना मात्र कुठल्याही देशातला चीक सारखाच बाधतो.