इंजिन धावतं, पंखा चालतो

विमानाचा पंखा जितका जोरात फिरेल तितकं विमान जोरात जाईल, असं गाड्यांची चांगली जाण असलेल्यांनाही वाटतं. या समजाला दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या डग्लस पॉबजॉय यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणजे ‘पॉबजॉय आर’, जेमतेम २.८ लिटरचं रेडियल इंजिन. त्याचे सात सिलिंडर बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे क्रँकशाफ्टभोवती, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवती मांडलेले. प्रत्येकाला समोरून वारा लागतो, म्हणून थंड करायला पाणी नको.

लहान इंजिनातून जास्त शक्ती हवी तर त्याला भरभर फिरवावं लागतं. पॉबजॉय मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती देई. त्या काळचं प्रसिद्ध ‘जिप्सी मेजर’ इंजिन ६ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. म्हणजे लिटरमागे पॉबजॉयचे जवळजवळ २७, जिप्सीचे २१.

पण पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडला तर? समजा पंख्याचा व्यास २ मीटर आहे. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे. टोकाचा वेग ३.१४ × २ × ५०, म्हणजे सेकंदाला ३१४ मीटर. ध्वनीचा वेग साधारण ३४०. टोकाच्या वेगात विमानाचा पुढे जाण्याचा वेगही मिळवा. टोकाशी हवा दाबली जाते, आघातलहरी उठू लागतात आणि शक्ती ढकलण्याऐवजी गोंगाटात जाते.

पंखा आखूड करून भागत नाही. पुढे मिळणारी ढकल ही दर सेकंदाला मागे लोटलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले तिला दिलेला वेग इतकी असते. खर्ची पडणारी ऊर्जा मात्र त्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दुप्पट हवा निम्म्या वेगाने लोटली तर ढकल तेवढीच, पण हवेला द्यावी लागणारी ऊर्जा निम्मी! म्हणून पंखा मोठा आणि संथ हवा.

पॉबजॉयनी मध्ये दातेरी चाकं घातली. क्रँकशाफ्टच्या शंभर फेऱ्यांमागे पंख्याचे सुमारे ४७, म्हणजे मिनिटाला १४००. टोकाचा वेग दीडशे मीटरच्या आत आला. गिअर शक्ती निर्माण करत नाही, घर्षणात थोडी गमावतोच. फेरे कमी होतात तसा पिळाचा जोर वाढतो, एवढंच. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून फुकटची शक्ती मिळवून देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या गिअरमुळे पंख्याचा दांडा इंजिनाच्या मध्यापेक्षा वर सरकला. ‘कॉम्पर स्विफ्ट’ या चिमुकल्या एकआसनी विमानाच्या नाकावर ते लगेच दिसतं. १९३१ मध्ये वैमानिक सी. ए. बटलर अशाच स्विफ्टमधून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला ९ दिवस आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळात पोचले. भारतातले चहामळेवाले अल्बन अली यांनी १९३३ मध्ये आपलं स्विफ्ट इंग्लंडला उडवत नेलं. ते विमान आज तिथल्या ओल्ड वॉर्डन गावच्या शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहात आहे.