हाई गानं मन्हं शे!

आमच्या ओळखीतला एक पोरगा चाळीसगावकडे अहिराणी गाणी करतो. मागच्या लग्नसराईत त्याचं हळदीचं गाणं गावोगावच्या डीजेवर वाजलं, पण मोबाइलवर फिरत होती ती भलत्याच्याच नावाची प्रत. चोराने व्हिडिओच्या कोपऱ्यातला लोगो कापून तिथे आपला चिकटवला होता. पोरगा जो भेटेल त्याला सांगत राहिला, "हाई गानं मन्हं शे!" म्हणजे हे गाणं माझं आहे. पुरावा मात्र हातात नव्हता. तेव्हापासून मला वाटतं, डिजिटल वॉटरमार्क, म्हणजे फाइलच्या आतच लपवलेली मालकीची खूण, ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक गाणाऱ्यापर्यंत आणि शूटिंगवाल्यापर्यंत पोचली पाहिजे.

सोन्याचं बघा, जळगावकरांना ते समजावून सांगावं लागत नाही. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. दागिना आटवला की तो जातो. सोन्यात मिसळलेलं तांबं मात्र जात नाही. कुठलाही तुकडा तोडा, त्यात ते असतंच. कोपऱ्यातला लोगो हा कोरलेला शिक्का. खरा वॉटरमार्क तांब्यासारखा अख्ख्या चित्रात किंवा आवाजात मुरलेला असतो.

मुरवतात कसा? कृष्णधवल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. १४२ चा १४३ केला तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. समजा फोटोत १० लाख ठिपके आहेत. मालक एका गुप्त किल्लीवरून अधिक-उण्यांची तेवढीच लांब, वरवर बेशिस्त दिसणारी माळ बनवतो आणि तिच्याप्रमाणे प्रत्येक आकड्यात १ मिळवतो किंवा वजा करतो. ओळख पटवायची वेळ आली की तीच माळ ठिपक्यागणिक चित्राशी गुणायची आणि सगळ्याची बेरीज करायची. चित्राचे स्वतःचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. ते सरासरीच्या वर-खाली ४०-४० ने होत असले, तरी बेरीज साधारण ४० हजारांच्या घरात राहते. आपली खूण मात्र प्रत्येक ठिपक्यावर एकाच बाजूने साठत जाते आणि होते १० लाख! ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला काहीच सापडत नाही. या हिशेबाचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला की फाइल लहान करायला तो दाबला जातो, आणि दाबताना डोळ्याला न जाणवणारं तेच आधी फेकलं जातं. म्हणजे नाजूक खूण पहिल्याच फेरीत गेली. १९९७ साली इंगेमार कॉक्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उलटा विचार मांडला: खूण चित्राच्या महत्त्वाच्या भागातच, अगदी हलक्या हाताने पेरायची. मग ती उपटायची तर चोराला चित्राचीच नासाडी करावी लागते.

थिएटरात हेच तंत्र रोज चालू असतं. डिजिटल सिनेमाच्या मानकांनुसार प्रोजेक्शनच्या वेळीच चित्रात ३५ बिटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १) अदृश्य खूण घातली जाते: १९ बिट जागेसाठी आणि १६ वेळेसाठी. धुळ्याच्या एखाद्या पडद्यावरून कुणी मोबाइलने सिनेमा उचलला, तर कुठल्या पडद्यावरून आणि साधारण कुठल्या पाव तासात, हे त्या चोरट्या प्रतीतूनच निघू शकतं. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात अशा चित्रीकरणाला किमान तीन महिने कैद आहे.

यूट्यूबचं कंटेंट आयडी वेगळं. ते गाण्याचा ठसा घेऊन जुळवतं, आत काही पेरत नाही; त्यामुळे गाणं कुणाचं ते कळतं, कुणाला दिलेली प्रत फुटली ते कळत नाही. डीजेंना आणि चॅनेलवाल्यांना द्यायच्या प्रत्येक प्रतीत वेगळी खूण घातली, तर तेही कळतं. ती खूण फाइल हातातून जाण्याआधीच घालावी लागते, आणि किल्ली व मूळ रेकॉर्डिंग स्वतःजवळ जपून ठेवावं लागतं.

चोराने तीच चाल दुसऱ्याच्या गळ्यातून गाऊन घेतली, तर मात्र वॉटरमार्क कामाचा नाही. तो रेकॉर्डिंगमध्ये मुरलेला असतो, चालीत नाही. तिथे १९५७ चा कॉपीराइट कायदाच धरावा लागतो.