इंडी रॉकमधील अनपेक्षित गीतरचना

गाण्यात पुढे काय येणार याचा श्रोत्याने मनात बांधलेला अंदाज जाणूनबुजून चुकवण्याची रचनापद्धती. ताल मध्येच बदलतो, ध्रुवपद दुसऱ्यांदा येतच नाही, चाल अचानक दुसऱ्या पट्टीत जाते किंवा ऐन रंगात आलेले गाणे थांबते. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आधाराशिवाय काम करणाऱ्या इंडी बँडमध्ये ही पद्धत विशेष रुजली. बँडचा नवा अल्बम आला की ठाणे-नवी मुंबईतले श्रोते चालीइतकीच चर्चा याचीही करतात की गाणे कुठे वळले आणि ते वळण पटले का.

अंदाज चुकवायचा तर तो आधी बांधू द्यावा लागतो. रॉक गाण्याचा सर्वपरिचित साचा म्हणजे कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे, पुन्हा ध्रुवपद, मध्ये एक वेगळा तुकडा आणि शेवटी ध्रुवपदाची आवर्तने. बहुतेक वेळा चार मात्रांच्या ठेक्यात. हा साचा कानात पक्का असतो म्हणूनच त्याला दिलेला धक्का ऐकू येतो. ज्या गाण्यात पहिल्यापासून काहीच स्थिर नसते ते अनपेक्षित वाटत नाही, नुसते विस्कळीत वाटते. नवख्या बँडची गल्लत बहुधा इथेच होते.

या बाबतीत मराठी कान मुळीच अडाणी नाही. रूपक तालाच्या सात मात्रा ३-२-२ अशा विभागतात आणि त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, टाळीवर नव्हे, खालीवर (टाळी न देता हाताने दाखवायच्या मात्रेवर) येते. तिहाई या प्रकारात एकच तुकडा तीनदा वाजतो. श्रोता हिशोब करत राहतो आणि शेवटचा आघात समेवर पडला की दाद जाते. दुसरीकडे मुखडा-अंतऱ्याची शिस्तही याच कानाने जपली. संगीतकार वसंत प्रभू यांच्याबरोबर अवीट भावगीते देणारे आणि ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गाणी मुखड्याकडे इतक्या खात्रीने परततात, की पहिल्यांदा ऐकणाराही सोबत गुणगुणू लागतो. परतण्याची ही ओढ ठाऊक असलेल्या माणसालाच न परतणाऱ्या गाण्याची हुरहुर नीट कळते.

पाश्चात्त्य इंडीची सुरुवात बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने १९७७ मध्ये स्वतःच काढलेल्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या छोट्या रेकॉर्डशी जोडली जाते. कंपनी नाही म्हणजे ‘ध्रुवपद लवकर आणा’ असे सांगणाराही कोणी नाही. पुढे बॉस्टनच्या पिक्सीज या बँडने दबक्या कडव्यानंतर एकदम कर्कश ध्रुवपद आणण्याची रीत रूढ केली. गंमत म्हणजे तिची इतकी नक्कल झाली की तीच नवा साचा बनली. ओहायोच्या गायडेड बाय व्हॉइसेस या बँडने १९९४ च्या ‘बी थाउजंड’मध्ये २० गाणी चाळीस मिनिटांच्या आत बसवली. त्यांतली बरीच गाणी श्रोता आता पुन्हा ध्रुवपद येईल म्हणत असतानाच संपतात. रेडिओहेड हा ब्रिटिश बँड तेव्हा मोठ्या कंपनीकडे असल्यामुळे काटेकोरपणे इंडी नव्हता. तरी १९९७ च्या ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’चा दाखला टाळता येत नाही. सहा मिनिटांहून मोठ्या या गाण्यात वेगवेगळे तुकडे सांधले आहेत आणि मधल्या भागात सात मात्रांचे आवर्तन डोकावते. रूपक ऐकलेल्याला तिथे पाय ठेवायला लगेच जागा सापडते.

भारतात दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचे ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) आणि ‘बीटा’ (२०२४) हे अल्बम या पद्धतीचे ठळक नमुने आहेत. जॅझ, डिस्को, जुन्या सिनेसंगीताचा भास आणि लग्नाच्या बँडची आठवण देणारी पितळी वाद्ये त्यांच्याकडे एकत्र नांदतात. तरीही गायकाचा संथ, जरा उदास आवाज सगळ्याला धरून ठेवतो. इतके बदलत असताना एक गोष्ट अढळ ठेवणे हेच मला या बँडचे खरे कौशल्य वाटते.

ठाणे आणि नवी मुंबईत या रचनेला जागेचेही बंधन आहे. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवणे अशक्यच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केले, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येते. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनातले रॉक कार्यक्रमही शांतता क्षेत्रामुळेच थांबले. त्यामुळे तासावर भाड्याने मिळणारी जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, हाच बँडचा आधार. लोकलने गिटार सांभाळत यायचे, मोजक्या तासांत वाजवायचे. बाकीचे काम घरी, हेडफोन लावून, लॅपटॉपवर. एकाने रचलेला तुकडा दुसऱ्याकडे फाइल म्हणून जातो, तो त्यापुढे आपले काही जोडतो. अशा कामातून सांधलेली, मध्येच कूस बदलणारी गाणी निघणे स्वाभाविक आहे. मात्र लॅपटॉपवरचा क्लिक, म्हणजे लय सांभाळायला लावलेला यांत्रिक ठोका, एकाच लयीत चालतो. लय पुढे-मागे करायची तर प्रत्येक बदल आधी आखावा लागतो, नाहीतर सांधा उघडा पडतो. जॅमरूममध्ये हेच काम ड्रमर आणि बास गिटारवाला नजरेच्या इशाऱ्यावर करतात.

ऐकण्याच्या सवयींचाही ताण पडतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यानंतरच गाणे वाजल्याची नोंद होते; म्हणून आकर्षक तुकडा आधी आणण्याचा मोह होतो. रॉकचे मोठे जलसे तर या पद्धतीच्या अगदी उलट टोकाला असतात. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू टू आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन दिवस कोल्डप्ले वाजले. तिथे हजारो लोकांना एका सुरात गायचे असते आणि त्यासाठी ध्रुवपद ठरल्या जागी यावेच लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या गाण्यांचे कामच ते आहे. अनपेक्षित रचना मात्र लहान खोलीत, वादकांचे हात दिसतील इतक्या अंतरावरून ऐकावी. ड्रमरने काठी उचलून धरलेली दिसते, सगळे एका क्षणी थांबतात आणि पुढचा ठेका वेगळ्याच लयीत सुरू होतो. तो बदल रेकॉर्डिंगवर कितीदा ऐकलेला असला, तरी समोर घडताना पुन्हा चकित करतो.